हातकागदावरील ४० लिनोकटांचे हाताने रंगकाम आणि वर्खकाम : आवृत्ती एकसारखी कशी राखावी?

तळ्याकाठी

नमस्कार. मी सोलापुरात राहते आणि काही वर्षांपासून लिनोकट (लिनोलियमवर कोरलेल्या ठशावरून छापलेली चित्रे) करते. हाती घेतलेल्या एका आवृत्तीचे (म्हणजे एकाच ठशावरून छापलेल्या ठरावीक संख्येच्या प्रतींचे) काम अर्ध्यावर अडले आहे, म्हणून या चर्चामंचावर सविस्तर लिहून सल्ला मागत आहे.

चित्राचा विषय सिद्धेश्वरांच्या यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक हा आहे. सात नंदीध्वज (उंच, सजवलेल्या काठ्या), ते पेलणारे बाराबंदीतील (बारा बंदांच्या पांढऱ्या अंगरख्यातील) मानकरी आणि खाली तलावाच्या पाण्यात हलणारे त्यांचे प्रतिबिंब, एवढेच मी कोरले आहे. बाराबंदीचा पांढरा म्हणजे कागदाचाच पांढरा आहे. कागद पुण्याहून आणलेला, कापसाच्या लगद्याचा, सुमारे २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) हातकागद आहे. दाबयंत्र नसल्यामुळे तेलयुक्त काळ्या शाईत लाकडी चमच्याच्या पाठीने घासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ४० प्रती आणि ४ आर्टिस्ट प्रूफ (आवृत्तीबाहेर कलाकाराने स्वतःसाठी ठेवायच्या प्रती) छापले. सगळे ठसे समाधानकारक उठले आहेत.

आता प्रत्येक प्रतीवर हाताने करायचे काम असे : फेट्यांना जलरंगातला राणी रंग, पाण्याच्या पट्ट्याला अगदी पातळ हिरवट निळा हात, प्रतिबिंबातल्या सात उभ्या रेघांवर सोनेरी वर्ख आणि शेवटी कागदाच्या दोन कापीव कडा पट्टीवर फाडून मऊ करणे. मी एकेक प्रत हातात घेऊन ती पूर्ण करूनच पुढची घेत गेले. सहा प्रती झाल्यावर रविवारी सकाळी त्या खिडकीखाली ओळीने मांडल्या आणि मला धक्काच बसला. पहिल्या प्रतीतील फेटे गडद आहेत, तर सहावीतील फिके गुलाबी. निळा रंग दोन प्रतींत समान पसरला आहे आणि उरलेल्या चारांत कागदाने तो ढगासारखा ओढून घेतला आहे. तिसऱ्या प्रतीत वर्ख रेघांवर बसला तसाच शेजारच्या काळ्या भागावरही ठिपक्याठिपक्यांनी चिकटला. पाचवी प्रत ओलसर असताना मी घडी केलेल्या टर्की टॉवेलवर ठेवून वरून वजन दिले, तर टॉवेलच्या फासांची नक्षी कागदावर बारीक दाण्यांसारखी उठली. ती आता जात नाही.

यातली सर्वांत मोठी अडचण माझ्या घाईमुळे उभी राहिली आहे. छपाई होताच मी सर्व ४० प्रतींवर पेन्सिलीने क्रमांक घालून सही केली. शिवाय पहिल्या प्रतीचे छायाचित्र पाहून अकरा जणांनी मागणी नोंदवली आहे आणि त्यांच्या मनात तोच गडद फेटा बसला आहे. अशा स्थितीत उरलेल्या ३४ प्रती एकसारख्या कशा कराव्यात, आणि या सहा प्रतींचे काय करावे? ज्या आवृत्तीत प्रत्येक प्रत डोळ्यांना वेगळी दिसते, तिच्यावर ‘४० पैकी ६’ असे लिहिणे ग्राहकाशी प्रामाणिक राहील का, हा प्रश्न मला तांत्रिक चुकांपेक्षा जास्त सतावत आहे.

छापखाना

ताई, आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण पुष्कळ जण हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत. मी अनेक वर्षे मुद्राचित्रण (ठशावरून चित्रे छापण्याची कला) शिकवले आहे. आपल्या सहाही प्रतींतील दोषांचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते. आपण प्रत पूर्ण करत गेलात. आवृत्तीचे हातकाम करताना क्रिया पूर्ण करत जावे लागते. म्हणजे आज फक्त फेटे, आणि तेही सर्वच्या सर्व प्रतींवर. ते पूर्ण वाळल्यावर एके दिवशी फक्त पाणी. त्यानंतर फक्त वर्ख. एकच हालचाल चौतीस वेळा केली की पाचव्या-सहाव्या कागदापासून हात बसतो, आणि तोच बसलेला हात शेवटपर्यंत टिकतो. प्रत बदलताना रंग, कुंचला, वाट पाहण्याचा वेळ आणि मनाची स्थिती असे सगळेच बदलत गेले, तर दोन प्रती जुळण्याची शक्यता राहत नाही.

हात कोणत्या कागदावर बसवायचा, हेही आधी ठरले पाहिजे. मुद्राचित्रकार ‘बों आ तिरे’ नावाची एक प्रत बाजूला ठेवतात. ‘छापण्यास योग्य’ असा त्या फ्रेंच शब्दांचा अर्थ आहे. कलाकाराने पूर्ण समाधानाने मान्य केलेली ही प्रत असते आणि पुढची प्रत्येक प्रत तिच्याशेजारी धरून पाहिली जाते. आपल्याकडे चार प्रूफ आहेत. त्यांपैकी एक घ्या, त्यावर हवा तो फेटा, हवे ते पाणी आणि हवा तो वर्ख मिळेपर्यंत काम करा. दुसरे प्रूफ चाचण्यांसाठी खर्च झाले तरी चालेल. मान्य झालेली प्रत टेबलाच्या डाव्या हाताला उभी ठेवा आणि काम संपेपर्यंत तेथून हलवू नका.

निळा रंग ढगासारखा ओढला गेला याचे कारण कागदाची खळ (पाणी लगेच शोषले जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला लेप) असावे. हातकागदाला कारखान्यातील जलरंग कागदासारखी सर्वत्र सारखी खळ असतेच असे नाही, आणि एकाच गठ्ठ्यातील दोन कागदही वेगळे वागतात. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. थेंब मण्यासारखा काही क्षण उभा राहिला तर कागद ठीक आहे. लगेच आत जाऊन कडा पिसासारख्या पसरल्या तर खळ कमी आहे. शाई पूर्ण वाळलेली असेल तर अजूनही उपाय करता येतो. एक लिटर पाण्यात साधारण दहा ते पंधरा ग्रॅम जिलेटीन आधी भिजवून, मग कोमट करून विरघळवावे आणि रुंद मऊ कुंचल्याने संपूर्ण कागदावर एका दिशेने, न घासता, एकच हात द्यावा. फक्त फेट्यांपुरता किंवा पाण्यापुरता हात दिला तर वाळल्यावर त्याची कड दिसते. जुन्या पद्धतीत जिलेटिनात तुरटीही घालत, पण तुरटीमुळे कागदात आम्लता येते आणि तो पुढे पिवळा पडतो. आपण ती टाळावी असे माझे मत आहे.

वर्ख काळ्या भागावर का चिकटला, हे समजून घेणे आवश्यक आहे. तेलयुक्त शाई पाण्यासारखी उडून वाळत नाही. तिच्यातील जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वरची साय लवकर धरते, आणि शाईचा थर जाड असेल तर खाली ती पुष्कळ दिवस मऊ राहते. बोटाला वाळलेली वाटणारी शाईसुद्धा वर्खाला पकडते, कारण वर्ख इतका पातळ असतो की त्याला धरण्यासाठी नाममात्र चिकटपणाही पुरतो. आपला आकाशाचा काळा भाग मोठा असेल आणि त्यावर शाई दोनदा फिरवली असेल, तर दीड महिनाही कमी पडू शकतो. वर्ख लावण्याआधी रेघांभोवतीच्या काळ्या भागावर शंखजिऱ्याची वस्त्रगाळ पूड मऊ कुंचल्याने अगदी हलकी फिरवावी आणि लगेच झटकून टाकावी. जेथे वर्ख हवा आहे तेथे मात्र तिचा कणही राहता कामा नये, म्हणून आधी पूड, मग झटकणे आणि त्यानंतरच वर्खाचा डिंक, हा क्रम पाळावा.

पाण्यात मिसळणारा वर्खाचा डिंक लावल्यावर तो दुधाळ दिसतो आणि थोड्या वेळाने पारदर्शक होतो. तेव्हाही घाई करू नये. बोटाच्या पेराची पाठ हळूच टेकवून उचलावी. बारीकसा ‘चट्’ आवाज आला आणि कातडीला ओल लागली नाही, तर तो तयार आहे असे समजावे. ओल्या डिंकावर ठेवलेला वर्ख बुडतो आणि निस्तेज दिसतो. मे महिन्यात पंखा बंद ठेवून सुटा वर्ख लावणे फार कष्टाचे आहे, म्हणून पातळ कागदाला चिकटवलेला वर्ख मिळाला तर तोच घ्यावा. आपण खरा सोन्याचा वर्ख वापरत आहात की तांबे-जस्ताचा नकली, हे लिहिलेले नाही. नकली असेल तर त्यावर संरक्षक लेप अनिवार्य आहे. घामाच्या बोटाचा ठसा त्यावर पडला तर काही महिन्यांनी तो तपकिरी-हिरवा होऊन उमटतो.

सही आणि क्रमांकाविषयी नंतर लिहितो. तो भाग स्वतंत्रपणे बोलण्यासारखा आहे.

रंगशाळा_पूर्वभाग

ताई, मी चित्रकार नाही. आमच्या घरात तीन पिढ्या सुताच्या रंगाईत गेल्या आणि माझे सारे आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात मागांच्या आवाजात गेले. पण आपल्या फेट्यांचा रंग बदलत गेला ही गोष्ट मी वाचताक्षणी ओळखली, कारण आमच्या धंद्यात याच एका कारणाने तयार माल परत येत असे.

चादरीसाठी लागणारे सूत आम्ही एका लॉटमध्ये रंगवतो. मापे तीच, रंग तोच, पाणी तेच आणि रंगवणारा माणूसही तोच असला, तरी आजची कढई आणि उद्याची कढई यांच्या छटेत फरक राहतो. तो फरक सुताच्या लडीत दिसत नाही. विणून चादर झाली आणि दोन लॉटचे सूत शेजारी आले की आडवा पट्टा उठून दिसतो आणि मग तो झाकण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. म्हणून माझे सांगणे असे आहे की राणी रंग दर वेळी ताटलीत नव्याने कालवू नका. एका प्रतीला किती रंग लागतो ते मोजा. समजा दोन मिलिलिटर लागत असेल, तर चाळीस प्रतींना ऐंशी लागेल. आपण शंभर करा. संपूर्ण आवृत्तीचा रंग एकदाच, एकाच बाटलीत तयार करा आणि तिला बूच घट्ट बसवा. लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकला तर त्याला बुरशी धरत नाही. प्रत्येक वेळी कुंचला बुडवण्यापूर्वी बाटली हलवा, कारण रंगाचे कण तळाला बसतात आणि वरचे पाणी फिके होत जाते. आपली सहावी प्रत फिकी का झाली याचे एक कारण बहुधा हेच असेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. बोअरचे पाणी वापरत असाल तर ते ताबडतोब थांबवा. आपल्याकडचे पाणी जड आहे. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच थर पातळ रंगाच्या हातामागे भुरकट होऊन वाळतो, आणि क्षारांमुळे काही रंगांचे कण एकमेकांना धरून दाणेदार होतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी जे शुद्ध पाणी विकत मिळते, ते आणा. शंभर मिलिलिटर रंगासाठी लागणारा खर्च नगण्य आहे. कूलरसमोर बसून रंगकाम करू नका, हेही जाता जाता सांगतो. त्याचे तुषार डोळ्यांना दिसत नाहीत, पण ओल्या रंगावर पडले की पांढरट ठिपका ठेवतात. शिवाय कूलर चालू असताना कागद ओल पिऊन फुगतो आणि बंद केल्यावर आकसतो.

रंगाची छटा नेहमी वाळल्यावर पाहावी, आणि तीही उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात, सकाळच्या त्याच वेळी. रात्री बल्बखाली जुळलेल्या दोन छटा दिवसा फारकत घेतात, हे आम्ही फार पैसे मोजून शिकलो आहोत. एका पट्टीवर आपल्या कागदाचेच तुकडे चिकटवून शेड कार्ड करा : एक हात, दोन हात, तीन हात. मग प्रत्येक फेट्याला किती हात द्यायचे हा प्रश्नच उरणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती. आपण वापरत असलेला राणी रंग उन्हात टिकणारा आहे की नाही, हे विकण्यापूर्वी तपासा. गुलाबी-किरमिजी कुळातील काही रंग दिसायला अतिशय गोड आणि टिकायला अतिशय कच्चे असतात. कापडाचा रंग प्रकाशात किती टिकतो हे मोजायला आमच्याकडे ब्लू वूल नावाची निळ्या लोकरीच्या पट्ट्यांची श्रेणी वापरतात. १ म्हणजे सर्वांत कच्चा आणि ८ म्हणजे सर्वांत पक्का. संग्रहालयेही याच पट्ट्या वापरतात. घरच्या घरी करायचे असेल तर आपल्या कागदाच्या तुकड्यावर रंग द्या, अर्ध्या भागावर अॅल्युमिनियमचा कागद घट्ट गुंडाळा आणि तो तुकडा गच्चीवरील उन्हात महिनाभर ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यासारखी परीक्षा दुसरी नाही. महिन्यानंतर दोन्ही अर्धे सारखे असतील तर निर्धास्त राहा. नसतील तर क्विनाक्रिडोन कुळातील गुलाबी रंग पाहा. तो पुष्कळ पक्का असतो.

आपण राहता त्या भागात माग आहेत का? असतील तर हवेत कापसाचे तूस असणारच. वर्खाचा डिंक उघडा असताना ते त्यावर बसते आणि वर्खाखाली केस अडकल्यासारखी रेघ दिसते. पहाटे, माग सुरू होण्यापूर्वी, ओल्या फडक्याने खोली पुसून मगच ते काम करावे.

तळ्याकाठी

छापखाना सर आणि काका, दोघांचेही मनःपूर्वक आभार. थेंबाची चाचणी आजच केली. दहा कागदांपैकी चारांवर थेंब उभा राहिला आणि सहांवर तत्काळ पसरला, म्हणजे एकाच गठ्ठ्यात दोन स्वभावांचे कागद आहेत. काका, फिकेपणाचे कारण आपण अचूक सांगितले. मी ताटलीत रंग तीन वेळा कालवला होता, आणि पाणी बोअरचेच होते.

दोन शंका आहेत. पहिली म्हणजे जिलेटीन प्राणिज असते. हे चित्र सिद्धेश्वरांच्या यात्रेचे आहे आणि ते घेणाऱ्यांपैकी बरेच जण कडक शाकाहारी, श्रद्धाळू घरांतले आहेत. काहींच्या देवघराशेजारी ते लागणार आहे. त्यांना न सांगता कागदावर जिलेटीन वापरणे माझ्या मनाला पटत नाही. याला पर्याय आहे का? दुसरी शंका पाचव्या प्रतीविषयी आहे. टॉवेलची नक्षी घालवता येईल का?

वर्ख नकलीच आहे. खऱ्या सोन्याचा खर्च चाळीस प्रतींना परवडणार नाही.

छापखाना

जिलेटिनाविषयीची आपली भावना अगदी योग्य आहे. मिथाइल सेल्युलोज वापरा. ते वनस्पतीपासून मिळणाऱ्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून बनवतात, कागदाच्या जतनकामात नेहमी वापरले जाते आणि त्याला कीडही लागत नाही. त्याचे पातळ द्रावण वरीलप्रमाणेच संपूर्ण कागदावर एकच हात द्यावे. जिलेटिनाइतकी पक्की खळ मिळणार नाही, पण रंगाचे ओढले जाणे स्पष्टपणे कमी होईल. थेंब उभा राहणारे आणि न राहणारे असे दोन्ही कागद आहेत म्हणून फक्त थेंब पसरलेल्या कागदांनाच हात देण्याचा मोह होईल. तो टाळावा आणि सर्वांना द्यावा.

टॉवेलच्या नक्षीवर उपाय आहे, पण पूर्ण यशाची हमी देता येत नाही. कागद मागच्या बाजूने शुद्ध पाण्याच्या फवाऱ्याने एकसारखा, किंचित ओला करावा, दोन गुळगुळीत टिपकागदांमध्ये ठेवावा, टिपकागद पहिल्या अर्ध्या तासात दोनदा बदलावेत आणि मग वजन देऊन दोन दिवस हलवू नये. वजनासाठी घासलेली शहाबादी फरशी उत्तम. ती सपाट असते, पुरेशी जड असते आणि आपल्याकडे सहज मिळते. जलरंग पाण्याने हलतो, म्हणून पुढच्या बाजूला पाणी लागू देऊ नये. टॉवेल मात्र या कामातून कायमचा बाद करावा. सोलापुरी टॉवेल पाणी टिपण्यात कितीही चांगला असला, तरी त्याचे फास ओल्या कागदावर ठशाचेच काम करतात.

चौकट

मी फ्रेमकामाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण आपली चित्रे शेवटी आमच्यासारख्यांच्या हाती येणार आहेत.

हाताने सजवलेली छापील चित्रे आपल्याकडे नवी नाहीत. राजा रवि वर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तेथील देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचली. त्या चित्रांतील देवींना बायकांनी जरी, टिकल्या, मोती आणि खऱ्या कापडाची लुगडी चिकटवून सजवले. अशी एक लक्ष्मी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. कापडाखाली कणकेची खळ भरपूर वापरलेली होती. तेवढ्याच जागी कसर लागून कागद चाळणी झाला होता आणि काचेला टेकलेल्या टिकल्या काचेबरोबरच सुटून आल्या. जिथे काहीही चिकटवलेले नव्हते, तो छापील भाग जवळजवळ नव्यासारखा होता. त्या दिवसापासून हाताने वर चढवलेल्या प्रत्येक गोष्टीकडे मी काळजीने पाहतो.

आपल्या वर्खाच्या रेघा काचेला टेकता कामा नयेत. ग्राहकाला चित्र देताना ‘काच आणि कागद यांत माउंटचे (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे) अंतर ठेवावे’ असे लिहून द्या. माउंट आम्लमुक्त असावा, साध्या पुठ्ठ्याचा नसावा. साध्या पुठ्ठ्याची तिरकी कापलेली कड पिवळी पडते आणि तीच पिवळी रेघ चित्राच्या कागदावर उतरते. चित्र चारी बाजूंनी चिकटवू नये. वरच्या बाजूला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांवर ते टांगलेले असावे, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी त्याला जागा मिळते. सेलोटेपने लावलेली चित्रे मी रोज सोडवतो, आणि त्या तेलकट तपकिरी डागांवर माझ्याकडे इलाज नसतो.

कडा फाडण्याचे काम आपण सर्वांत शेवटी ठेवले आहे. माझ्या मते ते सर्वांत आधी करावे. पोलादी पट्टी दाबून धरताना हात घसरला, तर कोऱ्या कडेचे नुकसान सोसता येते. रंग आणि वर्ख पूर्ण झालेल्या प्रतीचे सोसवत नाही. आणि कडा फाडल्या म्हणून माउंटखाली झाकू नका. हातकागदाची कड हीच त्याची ओळख आहे, ती दिसेल असाच माउंट ग्राहकाला सुचवा.

आवृत्तीच्या एकसारखेपणाविषयी माझे मत थोडे निराळे आहे. ग्राहक हाताचे काम घेतो तेव्हा त्याला दोन प्रतींत थोडा फरक हवाच असतो. फेट्याची छटा किंचित बदलली म्हणून कोणी चित्र परत आणल्याचे मला आठवत नाही.

छापखाना

चौकट यांची कडांविषयीची सूचना बरोबर आहे, मी ती सांगायला हवी होती. फरकाविषयीच्या मताशी मात्र पूर्ण सहमत होता येत नाही, आणि ताईंचा मूळ प्रश्नही तोच आहे.

हाताने केलेल्या दोन प्रतींत फरक असणारच. कुंचल्याच्या टोकाचा वळसा इकडचा तिकडे झाला, वर्खाच्या रेघेची कड एका जागी तुटली, तर त्यात काहीच वावगे नाही. मला जो फरक मान्य नाही तो वेगळ्या प्रकारचा आहे : एका ग्राहकाला भरदार राणी रंगाचा फेटा मिळाला आणि दुसऱ्याला त्याच किमतीत, त्याच आवृत्तीच्या नावाखाली, पाणी जास्त पडले म्हणून फिका झालेला फेटा मिळाला. पहिला फरक हाताचा आहे आणि दुसरा दुर्लक्षाचा. दोन्हींना ‘हातकाम’ हे एकच नाव दिले, तर त्या शब्दाची किंमत आपणच कमी करतो.

रंगकाम मुद्दामच प्रत्येक प्रतीत वेगळे करायचे असेल तर त्यासाठी मुद्राचित्रणात मान्य रीत आहे. अशा आवृत्तीला फ्रेंचमध्ये ‘एदिस्याँ वारिए’ म्हणतात आणि क्रमांकापुढे ‘ई. व्ही.’ अशी खूण करतात, म्हणजे ठसा एकच, पण रूपे भिन्न. त्यात कमीपणा काहीही नाही. अट एवढीच की हे आधी ठरवलेले असावे. सहा प्रती बिघडल्या म्हणून सगळ्या आवृत्तीला मागाहून ही खूण लावणे मला योग्य वाटत नाही.

आता त्या सहा प्रती. मान्य प्रतीशेजारी धरल्यावर ज्या जवळ येतात, त्या ठेवा. फिका फेटा दुसऱ्या हाताने गडद करता येईल. तो बाटलीतल्या रंगाचाच असावा. ज्या येत नाहीत, त्यांच्याऐवजी त्याच ठशावरून त्याच कागदावर नवी प्रत छापून तिला तोच क्रमांक देता येतो, मात्र बिघडलेली प्रत त्याच वेळी नष्ट केली पाहिजे. एका क्रमांकाच्या दोन प्रती जगात असता कामा नयेत. कोरलेला ठसा अजून रद्द केलेला (पुन्हा छापता येऊ नये असा निकामी केलेला) नाही, ही आपली सोय आहे. तो रद्द करण्याचे काम सर्वांत शेवटी ठेवा. बिघडलेल्या प्रतीला ‘आर्टिस्ट प्रूफ’ म्हणून विकण्याची पळवाट बरेच जण काढतात. प्रूफांची संख्या रिवाजाने आवृत्तीच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात; आपण चार सांगितले आहेत, तर चारच राहू द्यावेत.

पुढच्या आवृत्तीच्या वेळी क्रमांक आणि सही सर्व हातकाम संपल्यानंतरच करा. डाव्या बाजूला क्रमांक, मध्ये शीर्षक आणि उजव्या बाजूला सही, तीही पेन्सिलीनेच, कारण शिसे प्रकाशाने फिके होत नाही, ओलीने पसरत नाही आणि खोडून वर लिहिले तर कागदाच्या तंतूंवर खूण राहते.

तळ्याकाठी

सात आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काम हातावेगळे झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

काकांनी सांगितलेली उन्हाची चाचणी सर्वांत आधी लावली. माझा जुना राणी रंग महिनाभरात उघड्या अर्ध्या भागात चक्क मळकट गुलाबी झाला आणि अॅल्युमिनियम खालचा अर्धा तसाच राहिला. मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. तो तुकडा मी कामाच्या टेबलासमोर भिंतीवर लावून ठेवला आहे. क्विनाक्रिडोन गुलाबीचा तुकडा मात्र दोन्हीकडे सारखा निघाला. याचा अर्थ असा झाला की मागणी नोंदवलेल्या अकरा जणांना छायाचित्रातला फेटा देणे मला शक्यच नव्हते. प्रत्येकाला फोन करून मी कारण सांगितले आणि नव्या मान्य प्रतीचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढून पाठवले. नऊ जणांनी मागणी कायम ठेवली.

उन्हाची चाचणी चालू होती तोवर कडा फाडून घेतल्या आणि सर्व कागदांना मिथाइल सेल्युलोजचा हात दिला. शुद्ध पाण्यात शंभर मिलिलिटर रंग एकदाच कालवला. फेट्यांचे काम दोन सकाळींत झाले. दर प्रतीत एकवीस फेटे आहेत, आणि दहाव्या कागदानंतर मला कुंचल्याकडे पाहावेही लागत नव्हते. पाण्याच्या पट्ट्याला मात्र वेळ लागला. तो एका दमात, डावीकडून उजवीकडे, मध्ये न थांबता द्यावा लागतो, आणि थांबले की तेथे कड धरते. दोन प्रती त्यात गेल्या.

वर्खाचे काम मी पहाटे पाच वाजता सुरू करत असे. काका, आमच्या गल्लीच्या टोकाला माग आहेत. पहिल्या दिवशी आठनंतरही बसले तर शेवटच्या प्रतीत वर्खाखाली तुसाची रेघ आलीच, म्हणून पुढे रोज साडेसातला थांबत गेले. शंखजिऱ्याची पूड वापरल्यापासून काळ्या भागावर एकही ठिपका चिकटला नाही. पेराच्या पाठीचा ‘चट्’ आवाज ओळखायला दोन दिवस लागले, मग तो कानापेक्षा कातडीलाच आधी कळू लागला. वर्खावर संरक्षक लेप दिला आहे.

जुन्या सहा प्रतींपैकी एकही ठेवता आली नाही, कारण त्यांचा रंगच कच्चा होता. पाण्याच्या पट्ट्यात बिघडलेल्या दोन आणि तुसाची एक धरून एकूण नऊ क्रमांक नव्याने छापावे लागले. नव्या प्रतींची शाई ताजी असल्यामुळे त्या नऊ प्रती अजून तारेवर टांगलेल्या आहेत. त्यांचे रंगकाम आणि वर्खकाम पावसाळ्याची ओल पाहून सावकाश करीन. त्यांच्यासाठी रंगाची बाटली पुरेशी भरलेली आहे. बिघडलेल्या नऊही प्रती मी फाडल्या. टॉवेलची नक्षी उठलेली पाचवी प्रत फाडताना हात काही वेळ थांबला होता, कारण तिच्यातला वर्ख सर्वांत सुंदर बसला होता.

प्रत्येक प्रतीबरोबर एक कार्ड देत आहे. त्यावर कागद, शाई, रंग, वर्ख नकली असून लेपित असल्याचा उल्लेख, माउंटविषयीची सूचना आणि कोणते नऊ क्रमांक पुनर्मुद्रित आहेत हे लिहिले आहे. ‘वर्ख नकली’ हे शब्द लिहू नका, ‘सोनेरी वर्ख’ एवढेच पुरे आहे, असे एका परिचितांनी सुचवले होते. मी ते दोन्ही शब्द ठेवले आहेत.